व्यसनी माणसाची साक्ष

माळव्यात ज्यांच्या चार-पाच पिढ्या गेल्या, त्यांना अफूची ओळख करून द्यायला नको. १८९३ मध्ये नेमलेल्या ब्रिटिश अफू आयोगाने हिंदुस्थानात फिरून शेकडो साक्षी घेतल्या. लोक अफू किती खातात, कशासाठी खातात, प्रकृती कशी राहते, हे विचारले. उत्तरे जाडजूड खंडांत छापली गेली. ती ताडून पाहायची कशी? शब्दाला शब्द, एवढेच साधन होते.

पाऊणशे वर्षांनी ते साधन मोठ्या प्रमाणावर हाती आले, तेही व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैन्यात. जून १९७१ पासून मायदेशी निघालेल्या शिपायांची लघवी तपासू लागले. दोष निघाला की परतीचे विमान चुके. त्या सप्टेंबरात परतलेल्यांपैकी काही शेकडा जणांना संशोधिका ली रॉबिन्स यांनी पुढच्या वर्षी गाठले, उत्तरे गुप्त राहतील अशी हमी दिली आणि विचारले.

आता तुम्हीच अंदाज करा. अमली माणूस खोटे बोलतो, असे आपण घरोघर ऐकत आलो. इथे तपासणीत दहा टक्क्यांच्या आसपास सापडले होते. मुलाखतीत मात्र वीस टक्क्यांच्या जवळपास शिपायांनी सांगितले, की आम्ही तिथे हेरॉइन-अफूच्या पुरते आहारी गेलो होतो. तपासणी होणार हे ठाऊक असल्याने पुष्कळांनी चार दिवस आधी हात आवरला होता. म्हणजे लघवीने जे लपवले, ते माणसाने सांगितले!

याच्या उलटही घडले. १९८७ पासून न्यूयॉर्क व इतर अमेरिकी शहरांत अटक झालेल्यांना कोठडीतच विचारून लगेच तपासणी होई. तुमच्याविरुद्ध काही वापरणार नाही, असे सांगूनही, कोकेन सापडलेल्यांपैकी पुष्कळांनी ते नुकते घेतल्याचे नाकारले. दाराबाहेर पोलीस उभा असताना त्या आश्वासनाला किती किंमत? शिवाय गेल्या वर्षीचे सांगणे सोपे, कालचे अवघड.

व्यसनी खरे बोलतो की खोटे, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कुणापुढे बोलतो, हे आधी पाहावे. आयोगाने जिथे चौकशी केली, तिथले सरकार स्वतःच अफूचे उत्पन्न घेत होते. आयोगाचे एक सभासद हेन्री विल्सन यांनी १८९५ च्या अहवालाला भिन्नमत जोडले. चौकशीवर सरकारी अधिकाऱ्यांचा हात फार होता, ही त्यांची तक्रार. बहुमताने ती मानली नाही.