गिऱ्हाईक कोणत्या शब्दाने शोधेल? शोधशब्दांचा इतिहास आणि दिल्लीतला एक रस्ता



नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा एक रस्ता आहे. इंग्रजी अमलात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या नावावरून तो 'कर्झन रोड' होता. स्वातंत्र्यानंतर त्याला कस्तुरबा गांधींचे नाव देण्यात आले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत असतानाच कस्तुरबांचे निधन झाले होते. रोजच्या बोलण्यात मात्र हा रस्ता 'के. जी. मार्ग' झाला. रस्ता एक, नावे तीन.

समजा, या रस्त्याजवळ तुम्ही मराठी जेवणाचे डबे पुरवण्याचा छोटा व्यवसाय सुरू केला आणि त्याची वेबसाइट तयार केली. गिऱ्हाईक तुम्हाला कोणत्या शब्दांनी शोधेल? हा प्रश्न इंटरनेटमुळे निर्माण झालेला नाही. तो त्याहून जुना आहे.

१. ग्रंथालयातील सुरुवात

वाचक ग्रंथालयात येतो तो स्वतःचा शब्द घेऊन. ग्रंथालयाने त्याच विषयाला वेगळे नाव दिलेले असू शकते. या दोन शब्दांची गाठ घालून देणे हे सूचीचे काम. १९३३ साली 'कोलन वर्गीकरण' मांडणारे एस. आर. रंगनाथन यांनी वर्गीकरणातूनच विषयसूचीची पदे काढण्याची शिस्तबद्ध पद्धत विकसित केली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी हे काम यंत्राकडे सोपवले. लेखाच्या शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द त्याच्या आजूबाजूच्या शब्दांसह यादीत येऊ लागला. पण लेखकाने जो शब्द वापरलाच नाही, तो यंत्राला कुठून सापडणार?

१९७२ मध्ये ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला: जो शब्द थोड्याच दस्तऐवजांत आढळतो, तो नेमका दस्तऐवज ओळखायला अधिक उपयोगी पडतो. 'जेवण' हा शब्द हजारो पानांवर असेल, 'थालीपीठ' मोजक्याच.

२. शब्दांना किंमत येते

हिंदुस्तान टाइम्सची इमारत याच कस्तुरबा गांधी मार्गावर आहे. वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींत शब्द किंवा ओळी मोजून पैसे घेतले जात, म्हणून जाहिरातदार प्रत्येक शब्द तोलून वापरी. १९९८ मध्ये 'गोटू' या अमेरिकी संकेतस्थळाने शोधशब्दांवर बोली लावण्याची पद्धत आणली. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलची 'अ‍ॅडवर्ड्‌स' सेवा सुरू झाली. मोठ्या कंपन्या लोकप्रिय शब्दांवर जास्त पैसे लावू शकतात. छोट्या व्यावसायिकाला ते परवडत नाही. त्याची भिस्त नेमकेपणावरच.

काहींनी आडवाट धरली. पानाच्या मागे, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, शब्दांची रास भरायची! हा प्रकार इतका बोकाळला की पानांचा क्रम लावताना आपण ती छुपी यादी विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीरच केले.

३. आपल्या व्यवसायाला हे कसे लावाल?

*बोली.* कॅनॉट प्लेसचे नाव १९९५ मध्ये 'राजीव चौक' झाले, पण लोकांच्या तोंडी जुने नाव टिकून आहे. मेट्रोने येणारा मात्र 'राजीव चौक' म्हणतो. म्हणून पत्त्यात अधिकृत नाव द्या आणि 'के. जी. मार्ग' हेही लिहा. मराठी माणूस 'डबा' शोधेल, हिंदी भाषक 'टिफिन'. दोन्ही शब्द वाक्यात सहज येऊ द्या.

*नेमकेपणा.* २०१३ पासून दिल्लीत दोन महाराष्ट्र सदने आहेत: जुने कोपर्निकस मार्गावर, नवे कस्तुरबा गांधी मार्गावर. 'महाराष्ट्र सदनाजवळ' एवढे लिहिले तर गिऱ्हाईक भलत्याच दारी जाईल. 'नव्या' हा एक शब्द त्याची पायपीट वाचवतो. मात्र सदनाशी तुमचा संबंध आहे, असा भास होईल असे काही लिहू नका.

*हेतू.* 'थालीपीठ कसे करावे' असे शोधणाऱ्याला पाककृती हवी आहे. 'थालीपीठ डबा के. जी. मार्ग' असे शोधणाऱ्याला भूक लागली आहे. तुमचे गिऱ्हाईक दुसरे. शब्द दुर्मिळ असून भागत नाही. तो कोणीतरी शोधतही असला पाहिजे. लोक कोणत्या शब्दांनी तुमच्या पानापर्यंत पोहोचले, हे गूगलच्या 'सर्च कन्सोल' या मोफत साधनात दिसते.

समारोप

रंगनाथनांच्या सूचीपासून आजच्या शोधयंत्रापर्यंत एक गोष्ट कायम राहिली: नाव ठेवणारा एक असतो आणि हाक मारणारा दुसरा. दुकानदाराने आपल्या मालाला दिलेले नाव आणि गिऱ्हाइकाच्या तोंडचे नाव जिथे जुळते, तोच उत्तम शोधशब्द. तो आधी काउंटरवर उभे राहून, कान देऊन ऐकावा लागतो.

स्वाध्याय: तुमच्या गावातील नाव बदललेला एक रस्ता किंवा चौक निवडा. पाच वेगवेगळ्या वयांच्या व्यक्तींना त्याचे नाव विचारा. त्या उत्तरांवरून तेथील एका दुकानासाठी पाच शोधशब्द ठरवा आणि प्रत्येकाचे कारण लिहा.