साक्षगंधाचा फोटो

आमच्या नातीची सोयरीक अमरावतीला जुळली. साक्षगंधाची तारीख निघाली, कार्यालय ठरले, जेवणात पाटवडीचा रस्सा असावा की भरली वांगी हा वादही दोन दिवसांत मिटला. अडले ते फोटोग्राफरवर! आम्ही अकोल्याचे, व्याही अमरावतीचे. दोन गावांत अंतर ते केवढे, शंभरेक किलोमीटरचे. मोटारीने निघाले तर मूर्तिजापूरला चहा घेऊनही माणूस दोन-अडीच तासांत पोचतो. पण कापसाच्या बाजारापासून शाळा-कॉलेजांपर्यंत या दोन गावांची चुरस जुनी आहे, आणि ती लग्नघरात हटकून डोके वर काढते. व्याह्यांचे म्हणणे, आमच्या घरातली सारी लग्ने आमच्या नेहमीच्या माणसाने काढली आहेत. आमच्या सुनेचे म्हणणे, साक्षगंध मुलीकडचे, तेव्हा फोटोग्राफरही मुलीकडचा. शिवाय साक्षगंधाच्या आधी दोघांनी मिळून कोठेतरी जाऊन फोटो काढून घेण्याची जी नवी रीत पडली आहे, तिच्यासाठी चिखलदरा की छत्री तलाव, हाही प्रश्न होताच. मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. म्हणून की काय, निवाडा माझ्याकडे आला.

पुण्यामुंबईकडे ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला आम्ही साक्षगंध म्हणतो. मला आमचा शब्द अधिक आवडतो, कारण त्यात साक्ष आहे. चार माणसांच्या देखत गंध लागले की गोष्ट पक्की झाली. फोटो हाही आजकाल एक साक्षीदारच मानला जातो. पण हा साक्षीदार नेहमी खरे बोलत आला आहे काय? इतिहासाच्या मास्तराला असले प्रश्न पडतात, आणि घरातली माणसे उठून आत जातात.

लग्नाच्या कामी चित्र वापरण्याची कल्पना कॅमेऱ्याच्या फार आधीची आहे, आणि गंमत अशी की तिचा आमच्या मुलखाशी जवळचा संबंध आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. ते रुक्मिणीचे माहेर. श्रीकृष्णाने तिला नेले ते अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून, अशी आमच्याकडची श्रद्धा. रुक्मिणीने कृष्णाची तसबीर पाहिली नव्हती. नुसती कीर्ती ऐकली आणि पत्र धाडले. पण तिच्याच नातवाच्या वेळी काळ बदलला. बाणासुराच्या उषेने स्वप्नात एक तरुण पाहिला; तिची सखी चित्रलेखा हिने देव, गंधर्व, यादव अशी एकेकाची चित्रे काढून दाखवली, आणि त्यांतून उषेने अनिरुद्धाला ओळखले. स्थळाचा फोटो म्हणतात तो हाच. फरक एवढाच की तेथे चित्र मुलाचे होते आणि पाहणारी मुलगी होती. पुढे हे पारडे कसे आणि केव्हा उलटले कोण जाणे!

भवभूतीही आमचाच, विदर्भातल्या पद्मपूरचा, आठव्या शतकातला. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच आयुष्याची चित्रे पाहत बसले आहेत. त्यांत मिथिलेतल्या लग्नाचेही चित्र आहे. लक्ष्मण एकेक नवरी दाखवत जातो: ही वहिनी, ही मांडवी, ही श्रुतकीर्ती. आणि ऊर्मिलेवर येताच गप्प होतो. मग ही कोण, म्हणून सीता त्याला चिडवते आणि तो लाजून पुढच्या चित्राकडे वळतो. लग्नाचा आल्बम उघडून बसलेले कोणतेही घर आठवून पाहा. दिराची थट्टा अजून अशीच होते. आणि याच अंकाच्या शेवटी लोकांनी काय म्हटले एवढ्यावरून सीतेला वनात धाडण्याचे ठरते. चित्रातली सीता आणि लोकांच्या तोंडची सीता यांत कोणाची साक्ष मानली गेली ते आपल्याला ठाऊक आहे.

खरा कॅमेरा आला तो १८३९ साली, पॅरिसला. विलायतच्या राणी व्हिक्टोरियाचे लग्न त्याच्या दुसऱ्याच वर्षी झाले, पण त्या लग्नाचा फोटो नाही. पुष्कळ जण तिच्या लग्नाचा म्हणून जो फोटो दाखवतात तो १८५४ साली, चौदा वर्षांच्या संसारानंतर काढलेला आहे. १८५८ साली तिच्या थोरल्या लेकीच्या लग्नाच्या दिवशी फोटो निघाला, त्यात राणीचा चेहरा पुसट आला. कारण ती थरथरत होती आणि त्या काळी फोटो निघायला वेळ लागे. राणी झाली तरी लेकीच्या लग्नात आईचे काय होते ते त्या पुसटपणात दिसते. तो फोटो मला तरी खोटा वाटत नाही.

आपल्याकडे मुंबईला १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते, आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढीत. वऱ्हाडचा कारभार त्याआधी वर्षभर, १८५३ साली, निजामाकडून इंग्रजांकडे गेला होता. अकोला आणि बडनेऱ्यावरून जाणारी रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, आणि कापसाच्या गाठी मुंबईला नेणाऱ्या त्याच रुळांवरून मुंबईच्या नव्या वस्तू इकडे येऊ लागल्या. पण बायकांनी परक्या पुरुषापुढे बसून फोटो काढून घ्यायचा, हे कोणत्याही घराला सहज पचणारे नव्हते. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास जनान्यासाठी स्टुडिओ काढला. त्याला उंच भिंती होत्या, आत पुरुषाला मज्जाव, आणि कॅमेरा एका इंग्रज बाईच्या हाती. सामान्य घरांत मात्र लाजेपेक्षा भीती मोठी. कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य घटते, ही समजूत गावोगाव होती. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब फाळके आधी फोटोग्राफर होते, आणि त्यांच्या धंद्यालाही या अफवेचा फटका बसला होता.

आता आमच्या घरातला सर्वांत जुना फोटो. तो माझ्या आजी-आजोबांचा. त्यांचे लग्न वैशाखात झाले, पण मांडवात फोटो नव्हता. कापूस विकून पैसे हाती आल्यावर, मार्गशीर्षात, दोघे दमणीत बसून अकोल्याला गेले. आजोबा खुर्चीवर, आजी शेजारी उभी, मागे पडद्यावर रंगवलेले तळे आणि तळ्यात हंस. आजीचा चेहरा पांढराफटक आहे आणि हात काळे. लहानपणी आम्ही या फोटोला हसत असू. आजी सांगे, “अरे, लुगडं निळं होतं माहं. फोटूत पांढरं केलं मेल्यानं!”

त्या मेल्याचा काही दोष नव्हता, हे मला फार पुढे कळले. जुन्या फोटोच्या काचेला निळा रंग चांगला दिसे, पिवळा कमी आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून निळे लुगडे पांढरट उतरे, कुंकू काळे ठिक्कर, आणि हळद लागलेली नवरी तर अधिकच काळी. आपल्या लोकांच्या कातडीत तांबूस आणि पिवळसर छटा अधिक. तेव्हा गव्हाळ माणूससुद्धा काळवंडून येई. सगळे रंग ओळखणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास विकत मिळू लागल्या होत्या. पण त्या पूर्ण अंधारात धुवाव्या लागत आणि जुन्या काचा लाल दिव्याच्या उजेडात, डोळ्यांनी पाहत धुता येत. लहान गावच्या फोटोवाल्याने जुनी काच का सोडली नसेल ते सांगायला नको. त्याने सोपा उपाय काढला: चेहऱ्यावर पावडर. आजीच्या तोंडावर ती थापली गेली आणि हात राहून गेले. फोटोला जायचे म्हणजे पावडर लावायची, ही आमच्या मुलींची तयारी त्या काचेच्या आंधळेपणातून आली. काच गेली, पावडर राहिली.

पुढे काचेची जागा फिल्मने घेतली. छातीशी धरून वरून पाहायचे दोन डोळ्यांचे कॅमेरे आले. एका रोलवर बारा फोटो निघत, आणि रोल महाग. मध्यम घरच्या लग्नात एक रोल, फार तर दोन. बारांत अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, आणि उरलेल्यांत मानाचे पाहुणे. एखाद्या मामांना खुर्ची मिळाली नाही म्हणून दहा वर्षे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे प्रत्येक घरात सापडतील. आज साक्षगंधातच दोन हजार फोटो निघतात आणि रुसायलाही कोणाला सवड मिळत नाही.

पण मला सांगायचे आहे ते आक्काच्या फोटोविषयी. आक्का माझी थोरली बहीण. १९६४ साली ती वीस वर्षांची होती. स्थळे पाहायची म्हणून वडिलांनी तिला स्टुडिओत नेले. फोटोवाला भला माणूस होता. पोरीला चांगले स्थळ मिळावे म्हणून त्याने निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने काम केले. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की ती जागा कागदावर उजळ येते; गाल, कपाळ, हनुवटी सारे त्याने उजळून दिले. आक्का त्यात देखणी दिसते. मुळात ती देखणी होतीच, पण त्यात ती दुसरीच कोणी दिसते. फोटो तीन ठिकाणी गेला. दोन प्रती परत आल्या नाहीत. त्या काळी कितीतरी मुलींचे फोटो असे परक्यांच्या कपाटांत राहून गेले आहेत. तिसऱ्या घरची मंडळी पाहायला आली, पोहे खाऊन गेली, आणि आठ दिवसांनी टपालाने फोटो परत आला. मागे पेन्सिलीने तीन शब्द होते : फोटोपेक्षा रंग सावळा. लिहिणाऱ्याने ते आपल्या घरच्या आठवणीसाठी लिहिले असतील आणि पाठवताना खोडायचे राहिले असेल. वडिलांच्या हाती पडण्याआधी आक्काने तो वाचला.

त्यानंतर आक्काने फोटो काढून घेतला नाही. ती शिकली, शिक्षिका झाली, अठ्ठाविसाव्या वर्षी तिने आपल्याच शाळेतल्या एका शिक्षकांशी लग्न केले, आणि त्या लग्नात फोटोवाला बोलवायचा नाही ही तिची एकच अट होती. भाऊजी गेले तेव्हा पेपरात द्यायला त्यांचा शाळेच्या ग्रुपमधला फोटो कापून घ्यावा लागला.

तर निवाडा. माझी नात रंगाने आक्कावर गेली आहे. तिने दोन्ही फोटोग्राफरांना फोन लावला आणि मला शेजारी बसवून एकच प्रश्न विचारला, “भाऊ, रंग बदलणार का?” दोघांनीही मोठ्या आपुलकीने तिला धीर दिला की काळजी करू नका ताई, असे उजळ करून देऊ की ओळखू येणार नाही. ओळखूच यायचे नसेल तर फोटो कशाला, असे म्हणून तिने अमरावतीचीच एक तिसरी व्यक्ती शोधून काढली. चोविसेक वर्षांची पोरगी, स्वतःचा कॅमेरा, दुकान नाही. तिने रंगाविषयी काही न बोलता उलट प्रश्न विचारले. कपडे कोणत्या रंगाचे आहेत? चकचकीत जर आहे का? दुपारी येणार असाल तर येऊ नका. सकाळी सातला या, नाहीतर उन्हे उतरल्यावर. पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे उभ्या राहू नका, चेहरा उगाच काळवंडतो. पावडर लावू नका, घाम आला की डाग दिसतात. मी आजीच्या त्या फोटोपासून इतक्या वर्षांचा हिशेब मनात मांडला आणि या पोरीला मत दिले.

विहीणबाईंना ते रुचले नाही. त्या घरी आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, “थोडं उजळ केलं तर काय बिघडते? सगळेच करतात.” बोलणे गोडच होते, पण सुनेचा चेहरा उतरला. साक्षगंधाला बारा दिवस राहिले होते. आक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. ती उठून आत गेली, आपल्या पेटीतला तो फोटो घेऊन आली आणि विहीणबाईंच्या हातात पालथा ठेवला. त्यांनी वाचले. मग उलटून फोटो पाहिला, मग आक्काकडे पाहिले.

“कोणाकडचं अक्षर आहे हे?” त्यांनी हळूच विचारले.

“आता कायले नाव घ्यायचं, बाई,” आक्का म्हणाली. “ते मानसं वाईट नोती. फोटूच खोटा होता.”

विहीणबाई बराच वेळ तो फोटो हातात धरून बसल्या. पुढे त्या विषयावर बोलणे झाले नाही. जाताना त्या नातीला म्हणाल्या, सातला पोचायचे तर आदल्या रात्रीच अमरावतीला मुक्कामाला ये.

चिखलदरा रद्द झाला, कारण घाटात आक्काला मळमळते आणि ती येणार असा नातीचा हट्ट होता. छत्री तलावाच्या काठी, सकाळच्या कोवळ्या उन्हात दोघांचे फोटो निघाले. मी आणि आक्का बाकावर बसून पाहत होतो. काम संपल्यावर ती फोटोवाली पोरगी आमच्याकडे वळली आणि म्हणाली, “आजी, तुमचा एक काढू?”

आक्काने पदर नीट केला. “पावडर आणली नाही मी,” ती म्हणाली.

“नकोच आजी.”

साक्षगंधाच्या दिवशी त्या पोरीने तो फोटो कागदावर छापून आणला आणि आक्काच्या हातात दिला. मांडवात गडबड होती, सनई सुरू झाली होती, गुरुजी हाका मारीत होते. आक्काने फोटो घेतला, आणि आधी तो उलटून मागची बाजू पाहिली.