दोन मजली बस आणि आपलं काळीज

मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या एका काकूंनी विचारलं, "दिवसभर राबतो आपण, मग वर चालायला कशाला जायचं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आज आपण जरा लांब, सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वीच्या लंडन शहरात जाऊ.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. तिथं हृदयविकाराने माणसं मोठ्या संख्येने जाऊ लागली होती आणि कारण नीट उमगत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या कामांतली माणसं तपासायचं ठरवलं. त्यांत लंडनच्या बसगाड्यांवर काम करणारेही होते. तिथल्या बस दोन मजली. ड्रायव्हर पाळीभर बसून. कंडक्टर मात्र तिकिटं देत सतत जिना वर-खाली करणारा, दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या! दोघं एकाच बसवर, पगार आणि राहणीही बरीचशी सारखी. तरी हृदयविकाराचे झटके ड्रायव्हरांना जास्त येत होते. कंडक्टरांना दुखणं झालंच, तर ते उशिरा आणि कमी जीवघेणं.

मॉरिस यांनी लगेच दवंडी पिटली नाही. टपाल खात्यातही तेच दिसतं का, ते पाहिलं. पायी किंवा सायकलने पत्रं वाटणारा पोस्टमन आणि खुर्चीत बसणारा कारकून यांच्यातही तोच फरक निघाला. मग १९५३ साली त्यांनी हे छापलं. तेव्हाही शंका निघाली: जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील तर? म्हणून त्यांनी गणवेशाच्या पँटींची कंबरेची मापं मिळवली. ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती. पण पुढे असंही दिसलं, की सारख्याच बांध्याच्या माणसांतही कंडक्टरांची बाजू बरी होती.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवू. ही सारी तपासणी पुरुषांची होती, बायका त्यात नव्हत्या. बायकांच्या काळजाकडे जगाचं लक्ष फार उशिरा गेलं. आज जागतिक आरोग्य संघटना बाई असो की पुरुष, सगळ्यांना सांगते, की आठवड्याला निदान १५० मिनिटं अंगाला चलन हवं. शेतातलं आणि घरातलं कामही त्यात धरतात.

मग काकूंच्या प्रश्नाचं उत्तर काय? खुरपणी-काढणीच्या दिवसांत आपण कंडक्टर असतो. पण हंगाम सरला, की शिलाई मशीनवर, पापड लाटताना, टीव्हीसमोर आपण ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसतो. दळण गिरणीत गेलं, नळ दारात आला. बरंच झालं, जातं परत आणा असं आम्ही म्हणणार नाही. त्या कष्टांनी आपल्या आयांच्या कंबरा मोडल्या. पण वाचलेल्या वेळातली तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, आपल्या काळजासाठी ठेवू या. झपझप चालायचं. माप सोपं आहे: चालताना शेजारणीशी बोलता यावं, पण ओवी म्हणता येऊ नये.

बीपी, साखर किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मिशरी आणि तंबाखू सोडा, नाहीतर चालण्याचा फायदा त्यातच जाईल. आणि छातीवर दडपण, दम, थंड घाम, जबडा किंवा हात भरून येणं, असं काही झालं तर "पित्त असेल" म्हणून निजू नका. घरच्यांना उठवा, १०८ ला फोन लावा. घरातल्या कुणाचंही दुखणं आपण असं अंगावर काढू देत नाही, मग स्वतःचं का?

मॉरिस स्वतः म्हातारपणीही व्यायाम करत राहिले. २००९ साली ते गेले तेव्हा ९९ वर्षांचे होते. आपण शंभरीचा हट्ट धरायला नको. पण उद्या सांजेला, दिवेलागणीआधी, गटाच्या बायका देवळापासून फाट्यापर्यंत चालायला निघणार आहोत. काकू, तुम्हीही या!