चेताविज्ञानाचे पदवी स्तरावरील शिक्षण

चेताविज्ञान म्हणजे मेंदू, मेरुरज्जू आणि चेतातंतू यांची रचना, कार्य, वाढ व विकार यांचा अभ्यास करणारी विज्ञानशाखा होय. प्रस्तुत लेखात या शाखेच्या बारावीनंतरच्या, म्हणजे पदवी स्तरावरील शिक्षणाची माहिती मुख्यत्वे महाराष्ट्राच्या संदर्भात दिली आहे. भारतात या नावाची स्वतंत्र पदवी विरळाच आढळते. बहुतेक विद्यार्थी प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, मानसशास्त्र, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी किंवा वैद्यक यांपैकी एखाद्या विषयाची पदवी घेऊन पुढे या शाखेत प्रवेश करतात. त्यामुळे पदवीच्या नावापेक्षा त्या तीन-चार वर्षांत गणित, रसायनशास्त्र, प्रयोग व वाचन यांची पायाभरणी कशी झाली, याला अधिक महत्त्व असते.

नाव व परिभाषा

मराठीत या विषयाला एकच रूढ नाव नाही. महाराष्ट्र राज्याच्या शालेय पाठ्यपुस्तकांत ‘चेतासंस्था’ व ‘चेतापेशी’ हे शब्द वापरले जातात. मराठी विश्वकोशात ‘तंत्रिका तंत्र’ अशी संज्ञा आहे. बोलीभाषेत आणि वर्तमानपत्रांत ‘मज्जासंस्था’ व ‘मज्जातंतू’ हे शब्द प्रचलित आहेत. हे तिन्ही शब्दसमूह एकाच संस्थेचा निर्देश करतात.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला अकरावी विज्ञान शाखेत हाच विषय इंग्रजीतून शिकावा लागतो. शाळेतील चेतापेशीला तेथे न्यूरॉन म्हणतात. अक्षतंतूला ॲक्सॉन, वृक्षिकेला डेंड्राइट, तर दोन चेतापेशींमधील संपर्कस्थानाला सिनॅप्स म्हणतात. संकल्पना परिचित असूनही केवळ शब्द बदलल्यामुळे विषय नवा व कठीण भासतो. अशा वेळी शालेय पुस्तकातील संज्ञा आणि महाविद्यालयीन संज्ञा शेजारी-शेजारी लिहून काढलेली वही उपयुक्त ठरते.

चेताविज्ञान आणि चेतारोगशास्त्र, म्हणजे न्यूरॉलॉजी, यांत भेद आहे. न्यूरॉलॉजी ही वैद्यकाची शाखा असून तिच्यासाठी एम.बी.बी.एस., त्यानंतर एम.डी. व पुढे डी.एम. असा क्रम असतो. चेताविज्ञान ही मूलभूत विज्ञानाची शाखा आहे आणि तिच्या अभ्यासासाठी डॉक्टर असणे आवश्यक नाही.

इतिहास

चेतापेशी ही चेतासंस्थेची स्वतंत्र घटक आहे, हे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले. इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी शोधलेली रंजनपद्धती त्यासाठी त्यांनी वापरली. या दोघांना १९०६ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन आणि वर्तन यांचा मेंदूविषयक अभ्यास दीर्घकाळ वेगवेगळ्या विभागांत होत असे. तो एका नावाखाली आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेतील ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली. पदवी स्तरावर हा विषय प्रथम शिकवू लागलेल्या संस्थांत त्याच देशातील ॲमहर्स्ट महाविद्यालयाची गणना होते.

भारतात बाळकृष्ण आनंद यांनी १९५१ मध्ये जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत येल विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करून मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात भुकेचे केंद्र असल्याचे दाखवले. पुढे ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचे काम सुरू केले. नंतर ते फळमाशीच्या चेतासंस्थेच्या आनुवंशिकतेकडे वळले. त्यांनी व वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या गंध व चव या संवेदनांवर केलेले संशोधन जगभर मान्यता पावले. इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरोसायन्सेस १९८२ मध्ये स्थापन झाली. हरियाणातील मानेसर येथे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र कार्यरत आहे.

महाराष्ट्रातील शिक्षणाचे मार्ग

विज्ञान पदवी. प्राणिशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. करणे, हा सर्वांत सुलभ व अल्प खर्चाचा मार्ग आहे. या अभ्यासक्रमांत चेतासंस्था शरीरक्रियाशास्त्राच्या एखाद्या प्रकरणापुरती येते, परंतु पेशीविज्ञान, आनुवंशिकी व जीवरसायन यांचा पाया पक्का होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी चार वर्षांची करता येते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी निवडण्याची मुभा आहे.

एकात्मिक पदवी. पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, २००६ मध्ये सुरू झाली. तेथे पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम असून उंदरांची घ्राणशक्ती, पक्ष्यांचे गाणे, चेतापेशींची वाढ व मेंदूची संगणकीय प्रतिरूपे या विषयांवर संशोधन चालते. प्रवेशासाठी आयसर अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. मुंबईत कलिना येथील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात पाच वर्षांची एकात्मिक एम.एस्सी. असून तिच्यासाठी नेस्ट ही परीक्षा आहे.

मानसशास्त्र. बी.ए. किंवा बी.एस्सी. मानसशास्त्र घेणाऱ्यांना स्मृती, अवधान, भाषा व निर्णयप्रक्रिया यांच्या अभ्यासातून बोधनविज्ञानाकडे जाता येते. या विषयाची एम.एस्सी. अलाहाबाद विद्यापीठ आणि गांधीनगरची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथे आहे.

वैद्यक व अभियांत्रिकी. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी मेंदूची शरीररचना व शरीरक्रिया तपशिलाने शिकवली जाते. विद्युत, संगणक वा जैववैद्यकीय अभियांत्रिकीतून येणारे विद्यार्थी संकेतविश्लेषण, प्रतिमाशास्त्र व संगणकीय चेताविज्ञान यांत काम करतात.

ईईजी व तत्सम तपासण्यांचे तंत्रज्ञ घडवणाऱ्या पदव्यांच्या नावात ‘न्यूरो’ हा शब्द असतो. त्या रोजगारदृष्ट्या उपयुक्त आहेत, तथापि त्यांचा हेतू संशोधन नसून रुग्णसेवा हा आहे. प्रवेशापूर्वी हा फरक ध्यानात घेणे इष्ट.

अकरावीतील विषयनिवड

अनेक विद्यार्थी अकरावीत जीवशास्त्र ठेवून गणित सोडतात. नीट परीक्षेत गणित नसल्यामुळे हा निर्णय सोयीचा वाटतो. चेताविज्ञानाच्या दृष्टीने मात्र तो महाग पडतो. आयसरच्या चाचणीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. गणित सोडलेल्या विद्यार्थ्याची एक चतुर्थांश प्रश्नांची तयारीच नसते.

पुढील अभ्यासातही गणिताची गरज भासते. चेतापेशीच्या आत पोटॅशियम आयनांचे प्रमाण सुमारे १४० आणि बाहेर सुमारे ५ मिलिमोल प्रतिलिटर असते. या विषमतेमुळे पेशीपटलावर किती विद्युतदाब निर्माण होईल, हे नर्न्स्ट समीकरणाने काढतात. ५ भागिले १४० या अपूर्णांकाचा दहा पाया असलेला लॉगॅरिदम घेऊन त्यास ६१.५ ने गुणले असता उत्तर सुमारे उणे ८९ मिलिव्होल्ट येते. आयनांचे प्रमाण हे रसायन, विद्युतदाब हे भौतिक, लॉगॅरिदम हे गणित आणि पेशी हे जीवशास्त्र. चारही विषय या एका उदाहरणात एकत्र येतात. ॲलन हॉजकिन व अँड्र्यू हक्सली यांनी १९५२ मध्ये चेतापेशीतील विद्युतसंदेशाचे स्पष्टीकरण समीकरणांच्याच रूपात मांडले आणि त्याबद्दल त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बारावीत गणित नसलेल्यांना हे दार कायमचे बंद होत नाही. पदवीच्या काळात संख्याशास्त्र, प्राथमिक कलनशास्त्र व एखादी संगणकभाषा शिकून ही उणीव भरून काढता येते.

प्रात्यक्षिके

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील प्राण्यांचे विच्छेदन बंद करण्यास सांगितले. तेव्हापासून प्रतिकृती, तयार काचपट्ट्या व संगणकीय सादृश्ये यांवर भर आहे. अल्प साधनांतही पुढील प्रात्यक्षिके होऊ शकतात.

प्रतिक्रियाकाल मोजणे: एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून न सांगता सोडावी व दुसऱ्याने ती बोटांत पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर पडल्यास प्रतिक्रियाकाल सुमारे ०.२० सेकंद आणि १२ सेंटिमीटर पडल्यास सुमारे ०.१६ सेकंद येतो. वय, झोप, डावा-उजवा हात यांनुसार नोंदी घेतल्यास तो एक छोटा संशोधनप्रकल्प होतो.

स्ट्रूप परिणाम: ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहून शाईचा रंग विचारला असता उत्तर देण्यास विलंब लागतो. वाचनाची सवय अवधानात कशी आड येते, हे यातून दिसते.

फळमाशीचे निरीक्षण: पिकलेल्या केळ्यांवर जमणारी ही चिलटे काचेच्या बाटलीत वाढवता येतात. प्रकाशाकडे व वासाकडे त्यांचा ओढा मोजता येतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, तर फळमाशीच्या मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार. त्यांच्या परस्परजोडणीचा पूर्ण नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठवाड्यातील स्थिती

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावातील विद्यार्थ्याला विज्ञान पदवीसाठी सामान्यतः जिंतूर वा परभणी येथे जावे लागते. परभणी, नांदेड, लातूर व हिंगोली हे जिल्हे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. येथील महाविद्यालयांत चेताविज्ञान हा स्वतंत्र विषय नसला, तरी प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानाच्या पदवीने राष्ट्रीय पातळीवरील प्रवेशपरीक्षांची पात्रता मिळू शकते.

अडचण पदवीच्या दर्जापेक्षा माहितीची व संपर्काची अधिक असते. ती दूर करणाऱ्या काही योजना आहेत. भारतीय विज्ञान अकादमीसह तीन राष्ट्रीय अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी देते. मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम चालवते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही उन्हाळी अभ्यागत विद्यार्थी कार्यक्रम असतो. यांचे अर्ज उन्हाळ्याच्या पुष्कळ आधी भरावे लागतात.

पुढील शिक्षण व आर्थिक बाजू

पदवीनंतर एम.एस्सी. व पीएच.डी., अथवा एकात्मिक पीएच.डी., असे मार्ग आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, भारतीय विज्ञान संस्था व निम्हान्स, तसेच मानेसरचे केंद्र या प्रमुख संस्था होत. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून सुधारलेल्या दरानुसार दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पीएच.डी. म्हणजे घरावर आणखी काही वर्षे खर्चाचा भार, हा पालकांचा समज अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरा ठरत नाही. मात्र हा काळ पाच-सहा वर्षांचा असतो व त्यानंतरच्या कायम नोकऱ्या मर्यादित आहेत, हेही विचारात घ्यावे लागते.

मूलभूत विज्ञानाच्या पदवीतून या क्षेत्रात गेल्याचे ठळक उदाहरण म्हणजे विदिता वैद्य. त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात जीवशास्त्र व जीवरसायनशास्त्र या विषयांची पदवी घेतली आणि येल विद्यापीठातून पीएच.डी. केली. २००० पासून त्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यरत आहेत. बालपणातील ताणाचा मेंदूवर होणारा दीर्घकालीन परिणाम, नैराश्य आणि सेरोटोनिनचे कार्य हे त्यांचे संशोधनविषय आहेत. त्यांना २०१५ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार व २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

गैरसमज

माणूस मेंदूचा केवळ १० टक्के भाग वापरतो, हा समज चुकीचा आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता व योग्य शाखा सांगणाऱ्या चाचण्या, तसेच ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ या नावाने डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग चेताविज्ञानाचा आधार सांगतात. या दोहोंनाही वैज्ञानिक पुरावा नाही. शाखा निवडताना अशा चाचण्यांच्या अहवालांवर विसंबून राहिल्यास पालकांचा पैसा आणि विद्यार्थ्याचे वर्ष, दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

हेही पाहा

मेंदू · चेतासंस्था · चेतापेशी · मानसशास्त्र · बोधनविज्ञान · फळमाशी