भरतीच्या पाण्यावर राखलेली वाट

पणजीचा पाटो मागे टाकून सायकल रायबंदरच्या दिशेला लागली, की चढ-उतार संपतात. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला खाजणं आणि मिठागरं, मधून तीन किलोमीटरांहून जराशी लांब, सरळसोट वाट. सकाळच्या फेरफटक्याला निघालेले सायकलस्वार इथून जुन्या गोव्याला जातात, फेरीबोटीतून दिवाडी बेटावर उतरतात आणि सां पेद्रच्या धक्क्यावरून परततात. गोव्यातली सर्वांत रम्य सायकलफेरी कोणती, असं विचारलं तर या वाटेचं नाव पहिलं घ्यावं. पण तिचा सपाटपणा कुणीतरी राबून कमावलेला आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी इथे रस्ता नव्हता. राजधानी जुन्या गोव्यात होती. पणजी म्हणजे आदिलशाही वाडा आणि त्याभोवतीची लहानशी वस्ती. दोहोंच्या मध्ये भरतीला पाण्याखाली जाणारी दलदल पसरलेली, त्यामुळे ये-जा होडीने. लिन्यारिसचा काउंट मिगेल द नोरोन्या हा व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ मध्ये, या दलदलीतून चिऱ्यांचा पूल उभा राहिला. पूल म्हणायचं, पण प्रत्यक्षात तो कमानी ठेवलेला लांबच लांब बांध आहे. या कमानींतूनच भरतीचं पाणी आत शिरतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. पाणी पुरतं अडवलं असतं, तर पाण्याने बांधच फोडला असता. बांधणाऱ्यांनी नदीला तिची वाट मोकळी ठेवली, म्हणून जवळजवळ चार शतकांनंतरही या रस्त्यावरून बसगाड्या धावताहेत.

पणजीलाच मांडवीवरचा नेहरू पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. भर नदीवरचा पूल आणि दलदलीतला बांध यांची तुलना पुरती न्याय्य नव्हे, हे खरं. तरीही रायबंदरच्या वाटेवरून जाताना ती आठवण येतेच.

मांडवीची भरती समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत पोचते. म्हणजे हा सगळा फेरा खाऱ्या-गोड्या पाण्याच्या ओढाताणीतच पुरा होतो. या ओढाताणीतून शेत काढण्याची विद्या पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची. तिचं नाव खाजण. नदीकाठच्या सखल जमिनीभोवती चिखल, पेंढा आणि चिरे यांचा बांध घालायचा आणि त्यात जागोजागी मानस बसवायची. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप बाहेर उघडते, भरती आली की बाहेरच्या रेट्याने आपोआप मिटते. ना कुणी चावी फिरवायची, ना कुणी राखण करायची. पावसाचं पाणी जमिनीतला खारटपणा धुऊन नेतं आणि मग कोरगुटासारखं खारं सोसणारं भात उभं राहतं. ओहोटीला मानसीच्या तोंडाशी जाळं लावलं की मासळीही मिळते, आणि त्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि कुठे कुठे मीठही काढणारी ही व्यवस्था डोळे दिपवणारी आहे.

ती चालवायची तर माणसं एकजुटीने राहावी लागतात. एकाच्या शेताशी बांध फुटला तर खारं पाणी साऱ्या गावाच्या शेतात घुसतं. म्हणून बांधाची डागडुजी हे गावकरीचं, म्हणजेच पुढे कोमुनिदाद म्हणून ओळखल्या गेलेल्या ग्रामसंस्थेचं काम होतं. आज अनेक खाजणं पडीक आहेत. जिथे बांध फुटला आणि कुणी बुजवला नाही, तिथे खारफुटी माजली. सायकलवरून ती हिरवळ सुंदरच दिसते, पण तिच्याखाली एखादं मोडलेलं शेत असू शकतं, आणि ते जाणून पाहिलं की मन हळहळतं.

जुन्या गोव्यात चर्चेस पाहायला गर्दी असते. सायकलस्वाराला मात्र धक्क्याकडे जाणारी कमान महत्त्वाची. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, १५९९ मध्ये, ती बांधली गेली. नवा व्हाइसरॉय नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात शिरायचा. पुढे साथींनी शहर पोखरलं, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. नदीवरचा दरवाजा मागे राहिला. आज त्याच्याखालून दिवाडीची फेरीबोट गाठणारी माणसं जातात.

दिवाडीवर जायला रस्त्याचा पूल नाही. बेटावरचे शेतांतून जाणारे रस्ते शांत आहेत ते त्यामुळेच. या बेटाच्या नार्वे भागात कदंब राजांचं आराध्य दैवत सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं. भाविकांनी लिंग नदीपलीकडे, डिचोली भागातल्या नार्व्यात नेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. दोन्ही काठांवर एकच गावनाव, मध्ये मांडवी, आणि दोन्हीकडे आजही फेरीबोट लागते.

परतीला सां पेद्रच्या बोटीची वाट पाहताना धक्क्याचा उतार नीट पाहावा. भरतीला पाणी वर चढलेलं असतं आणि उतार आखूड वाटतो. ओहोटीला तोच उतार लांबतो, पाण्याखालून वर आलेल्या दगडांवर शेवाळ चमकतं, आणि सायकलीवरून उतरून, ब्रेक दाबून, ती हाताने सावकाश खाली न्यावी लागते.