हालांचे वजन आणि जन्माची तारीख

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगावचा तिबेटी कॅम्प आहे. 1972 साली नोर्गेलिंग या नावाने ही वसाहत झाली, तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला 1999 मध्ये. आज इथल्या मुलांचे आईबापही भारतातच जन्मलेले सापडतील. तरी ज्याच्याकडे नागरिकत्व नाही, तो तिबेटी कायद्याच्या लेखी परकीयच; नोंदणीचा दाखला त्याला मुदत संपली की नवा करून घ्यावा लागतो.

सरकारने या लोकांना आसराच दिला, हे खरे. पण अशा माणसाला कधी देश सोडायला सांगितले, तर ‘माझ्या मुलाबाळांचे हाल होतील’ एवढ्यावर न्यायालय ते थांबवील का?

1946 च्या परकीयांविषयीच्या कायद्यात हालांचा विचार करावा, असे कलमच नव्हते. हॅन्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1955 साली परकीयाला घालवण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध ठरवला. 1991 मध्ये लुई डी राएट हे बेल्जियन मिशनरी न्यायालयात हरले. ते 1937 पासून भारतात होते! 1996 च्या चकमा प्रकरणात मात्र न्यायालयाने बजावले, की कलम 21 चे जीविताचे संरक्षण परकीयालाही आहे.

अमेरिकेत हालांची वाट कायद्यातच आहे. दहा वर्षांचा वास, चांगली वर्तणूक आणि तिथल्या नागरिक पती, पत्नी, आईबाप वा मुलांवर ओढवणारे असाधारण हाल दाखवले, तर हकालपट्टी रद्द होऊ शकते. हाल त्या मापाचे आहेत की नाहीत, हे वरची न्यायालये तपासू शकतात, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये विल्किन्सन खटल्यात ठरवले. शेवटची मेहेरनजर तिथेही सरकारचीच.

आपल्याकडे तिबेटींसाठी दार उघडले ते तारखेने. 1986 साली भारतात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारला गेला. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात इथे जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, या कलमावर 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

त्यामुळे एकाच घरातली थोरली बहीण नागरिक आणि धाकटा भाऊ परकीय, असे होऊ शकते. दोघांचे गाव एक, शाळा एक, आईबाप एकच. घालवले गेल्यास हालही सारखेच. पण कायदा विचारतो, जन्म जूनमधला की जुलैमधला?