फातिमा शेख आणि ग्रंथालयातला एक तास

९ जानेवारी आली की फातिमा शेख यांच्या जयंतीचे संदेश आपल्या मोबाइलवर फिरू लागतात. २०२२ साली याच दिवशी गूगलनेही त्यांचे चित्र झळकवले. २०२५ च्या जानेवारीत मात्र एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले, की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले होते. तेव्हा संतापणे सोपे होते, पुस्तकाचे नाव आणि पान सांगणे अवघड.

ते पान ग्रंथालयात होते. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रकाशित केले. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी, नायगावला होत्या. आपल्या मागे फातिमाला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणार नाही, असे त्या कळवतात.

महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. वीस पानांचा प्रकल्प दिला, की मुले नेटवरून उतरवून आणतात. त्यापेक्षा एकेका तासाचे चार छोटे स्वाध्याय द्यावेत.

पहिला, ग्रंथालयाच्या सूचीत फातिमा शेख शोधा. त्यांच्या नावाने पुस्तक मिळाले नाही, तर सावित्रीबाई, जोतीराव, स्त्रीशिक्षण अशा कोणत्या विषयांखाली शोधले ते लिहा. दुसरा, चित्रावशास्त्रींचा अर्वाचीन चरित्रकोश आणि मराठी विश्वकोश उघडा. नोंद नसेल, तर ‘नोंद नाही’ हेही उत्तरच आहे. तिसरा, वर सांगितलेले पत्र स्वतः वाचा. तारीख, ठिकाण आणि फातिमाविषयी नेमके काय म्हटले आहे, एवढेच तीन ओळींत लिहा. चौथा, जन्मतारीख देणारी दोन पुस्तके किंवा लेख घ्या आणि ती तारीख कशाच्या आधारे दिली आहे ते तपासा.

तिसऱ्या स्वाध्यायात मुलांच्या लक्षात येईल, की पत्रात ‘फातिमा’ आहे, पण आडनाव नाही, जन्मतारीख नाही. म्हणजे ‘अशी बाई नव्हतीच’ हे म्हणणे या पानापुढे टिकत नाही. आणि आपण दरवर्षी वाटतो त्या तारखेला हे पान आधार देत नाही.

ही दुसरी गोष्ट आपल्याला बोचेल. पण आपल्या माणसांचा इतिहास आधीच थोडा नोंदला गेला आहे. त्यात आपण ऐकीव माहितीची भर घातली, तर एक चूक सापडताच लोक खरेही खोटे ठरवतील. पुढच्या ९ जानेवारीला संदेश जरूर पाठवा. त्यासोबत १८५६ च्या त्या पत्राचा पान क्रमांकही पाठवा.